दरमहा एक थर

सावंतमामा कोणत्याही दारातून आत येताना मान खाली घालत. आमच्या घराचे दार साडेसहा फूट उंच होते आणि मामा पाच फूट अकरा इंच. तरीही उंबऱ्यावर त्यांची मान आपोआप झुके आणि आत दोन पावले टाकल्यावर पुन्हा सरळ होई. पाहुण्यांना वाटे, माणूस विनयशील आहे. विनयाशी त्याचा काही संबंध नव्हता. ते जिथे राहत होते त्या जागेची उंची एका बाजूला सहा फूट आणि दुसऱ्या बाजूला पावणेसात फूट होती. शरीराने त्या आकड्यांशी जुळवून घेतले होते, एवढेच.

ती जागा म्हणजे आमचे गॅरेज. मुलुंडला आमचे बैठे घर होते आणि त्याच्या बाजूला आजोबांनी मोठ्या उमेदीने गाडीसाठी चार भिंती आणि उतरते छप्पर उभे केले होते. गाडी कधीच आली नाही. मोडके पलंग आणि कोळशाची पोती यांनी ती जागा तीस वर्षे अडवली. १९८३च्या पावसाळ्यात बाबांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने सावंत पती-पत्नी तिथे राहायला आले. मामा गिरणीत मागखात्यात फिटर होते. संप सुरू होऊन दीड वर्ष झाले होते आणि गिरणी पुन्हा सुरू होईल असे म्हणणारी माणसे त्यांच्या ओळखीत फारशी उरली नव्हती. लालबागला थोरल्या भावाच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. पुतण्याचे लग्न झाले आणि त्या खोलीत दोन माणसे जास्त झाली. ती दोन माणसे आमच्याकडे आली.

मी त्या वेळी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करत होते. परदेशी जाऊन संशोधन करायचे हे मी चौदाव्या वर्षीच ठरवले होते, आणि त्या ध्येयाच्या आड येणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यायचे नाही हेही. मामांकडे मात्र लक्ष गेले, कारण मोजणे ही त्यांची माझ्याइतकीच जुनी खोड होती. त्यांच्या खिशात सुतळीला बांधलेला पितळी ओळंबा कायम असे. पहिल्याच भेटीत त्यांनी तो आमच्या बैठकीच्या भिंतीला लावला आणि आईला म्हणाले, "वहिनी, ही भिंत अर्धा इंच बाहेर आहे."

"चाळीस वर्षं उभी आहे हो ती," आई म्हणाली.

"चाळीस वर्षं वाकडी उभी आहे."

आईला राग आला. बाबा हसले. मी गुपचूप माझी मोजपट्टी आणून तपासले. अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच निघाला. त्या दिवसापासून त्यांनी मला 'सायन्स' हे नाव ठेवले. "काय गं सायन्स, आज कॉलेजात काय मोजलंस?" ही त्यांची रोजची चौकशी होती, आणि ते उत्तर ऐकूनही घेत.

मामी फार बोलत नसत. त्यांना बोलणे परवडत नसे. वीस वर्षे त्यांनी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्याच्या कामावर, काढली होती आणि तिथल्या हवेतला कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. एका वाक्यात दोनदा थांबावे लागे. पावसाळा कसाबसा गेला, पण ऑक्टोबरचे ऊन लागले तेव्हा गॅरेजचे खरे स्वरूप समजले. वर सिमेंटचे पत्रे, खाली खाट, मध्ये साडेचार फुटांची हवा. दुपारी पत्रे तापत आणि मामी दाराशी उंबऱ्यावर बसून, गुडघ्यांवर कोपरे टेकून, श्वास ओढत राहत. आई त्यांना आमच्या व्हरांड्यात बोलावी. त्या येत, पण घरात आम्ही सहा माणसे होतो, आणि दुसऱ्याच्या दारात आपला खोकला घेऊन बसण्याचा संकोच त्यांना खोकल्याहून जड होई.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि जाता जाता म्हणाले, "बाईंना उंच छताच्या, हवेशीर खोलीत ठेवा." असे डॉक्टर सर्वांनाच सांगतात. सावंतमामांनी मात्र ते फिटरला दिलेल्या कामाच्या हुकमासारखे ऐकले. त्याच संध्याकाळी ते बाबांकडे आले.

"साहेब, गॅरेजचं छप्पर वर घेतो. माझ्या हातानं. तुमचं काही मोडणार नाही."

अडचण कायद्याची होती. गॅरेज बुटके असते तोवर ते गॅरेज. उंची वाढली की त्याची खोली होते आणि खोलीला परवानगी लागते. मागच्याच वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला एकाने अशीच भिंत चढवली, कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला आणि पालिकेच्या माणसांनी येऊन पत्रे फोडले. बाबा सरकारी नोकर. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सावंत, मला काही माहीत नाही," ते शेवटी म्हणाले.

"बरं साहेब," मामा म्हणाले. दोघांनाही परस्परांचा अर्थ समजला. त्या दिवसापासून बाबांनी व्हरांड्यातली आपली खुर्ची फिरवली आणि गॅरेजकडे पाठ करून ते वर्तमानपत्र वाचू लागले.

मामांची योजना मला त्यांनी अंगणातल्या मातीवर काडीने काढून दाखवली. छप्पर मोडायचे नाही. आतून चार खांब, प्रत्येकाखाली एक जॅक. चारही जॅक पाळीपाळीने थोडेथोडे फिरवायचे म्हणजे सगळे छप्पर, सांगाडा आणि उतार तसाच ठेवून, वर उचलले जाते. जी फट पडेल तीत विटांचा एक थर बसवायचा. एक थर म्हणजे साडेतीन इंच. असे आठ थर, म्हणजे दोन फूट चार इंच. आणि एका महिन्यात एकच थर.

"एकच का?" मी विचारले. "जॅक आहेत, विटा आहेत. दोन दिवसांत सगळं होईल."

"आणि तिसऱ्या दिवशी पालिका येईल." त्यांनी समोरच्या बंगल्याकडे बोट दाखवले. तिथे पारेखकाका राहत. त्यांची खिडकी बरोबर गॅरेजवर उघडे आणि काका दिवसभर तिच्यात बसलेले असत. "माणसाच्या डोळ्याला साडेतीन इंच दिसत नाहीत गं. आज दिसलंच तर आठवड्यात डोळा म्हणतो, हे असंच होतं. मग पुढचा थर. मागखात्यात मी दहा टनांचा शाफ्ट असा सरकवलाय, खाली माणसं काम करत होती."

विज्ञानाच्या दृष्टीने या योजनेत मला दोष सापडला नाही. वेळेचा हिशेब मात्र मी मनात केला: नोव्हेंबरमध्ये पहिला थर, तर आठवा जूनमध्ये. म्हणजे सगळा उन्हाळा मध्येच येणार होता. मी ते बोलूनही दाखवले. मामा म्हणाले, "प्रत्येक थराला थोडी हवा वाढेलच की."

काम महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी होई. त्या वेळी टीव्हीवर हिंदी चित्रपट लागे आणि साऱ्या गल्लीत एक माणूस बाहेर दिसत नसे. पारेखकाकांची खिडकीसुद्धा रिकामी होई. पाच-सहा घरांतून एकच गाणे ऐकू येत असताना मामा जॅक फिरवत. बातम्यांसाठी चित्रपट मध्येच थांबे तेव्हा तेही थांबत आणि बिडी ओढत दारात उभे राहत, जणू दिवसभर काहीच केले नाही. छप्पर सगळीकडे सारखेच उचलले गेले की नाही हे पाहायला त्यांच्याकडे पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी होती. तिचे एक टोक ते स्वतः भिंतीला धरत. दुसरे टोक धरून मामी खाटेवर उभ्या राहत.

"अगो, पाणी खय इला?"

"खुणेर."

"हलव नको. बघ नीट."

"बघतंय. तुमीच हलतास."

लग्नाला चोवीस वर्षे झालेल्या त्या दोघांमध्ये मी ऐकलेले सर्वांत लांब संभाषण हेच. आणि दर महिन्याला तेच. विटा बसल्या की मामा बाहेरून नव्या थराला चुन्यात काजळी कालवून फासत. सकाळी उजेडात मी मुद्दाम पाहायला जाई. जुनी वीट कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते हे मला माहीत असूनही शोधावे लागे.

डिसेंबरात त्यांनी मला विचारले, "उंचीनं गरमी किती उतरेल? सायन्स काय म्हणतं?" मी त्यांना खरे ते सांगितले. पत्र्यांवर पांढरा चुना दिला आणि छताखाली वारा खेळायला फट ठेवली तर फरक पडेल. नुसत्या उंचीने थोडाच पडेल. त्यांनी पत्र्यांना चुना दिला, फटही ठेवली. मग म्हणाले, "आणि उंचीनं थोडा. थोडा तर थोडा." माझ्या उत्तरातला तेवढाच भाग त्यांनी स्वतःसाठी ठेवला. मामींच्या फुप्फुसांबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मीही आपण होऊन बोलले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते अशी त्या वेळी माझी समजूत होती.

मी त्यांना प्रयोगशाळेतला एक जुना तापमापक आणून दिला. खाटेच्या उंचीवर तो टांगायचा, रोज दुपारी दोन वाजता वाचायचा आणि वहीत लिहायचे. मामांचे अक्षर ठसठशीत होते. मार्चमध्ये, पाचव्या थरानंतर, मी ती वही प्रथमच नीट वाचली आणि पहिल्या पानापासूनच चक्रावले. दर थराला तापमान बरोबर अर्ध्या अंशाने उतरत होते. मधल्या दिवसांत चढ नाही, उतार नाही. ढग आलेल्या दिवशीही तेच आणि रणरणत्या दिवशीही तेच. फेब्रुवारी संपून मार्च आला होता, बाहेर ऊन वाढत होते आणि वहीत हवा थंड होत चालली होती. हवा इतकी आज्ञाधारक नसते. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. दोन वाजता मामा वाळू आणायला बाहेर पडलेले पाहून गॅरेजमध्ये शिरले. मामी डोळे मिटून पडल्या होत्या. तापमापकात अडतीस होते. वहीत आदल्या दिवशीचा आकडा होता साडेचौतीस.

मामा परतल्यावर मी त्यांना अंगणातच गाठले. "हे आकडे खोटे आहेत."

त्यांनी वाळूची पाटी खाली ठेवली. नाकारले नाही. "ते तुझ्या कॉलेजसाठी नाहीत गं. संध्याकाळी तिला वाचून दाखवतो मी. तिचं एकच चाललंय, गावाक जाऊया, गावाक जाऊया. भाऊ आहे तिचा कणकवलीला, मोठं घर आहे, सगळं आहे. पण तिथं रात्री-अपरात्री श्वास अडकला तर इस्पितळ कुठं? इथं तीन थर राहिलेत."

"पण मामा, खोटे आकडे लिहून..."

"थर खरे आहेत ना?" ते म्हणाले. "मग झालं."

मला राग आला होता आणि तो शास्त्रीय होता: खोटी नोंद ही माझ्या जगात सर्वांत मोठी चूक होती. मामींना खरे सांगितले पाहिजे असे मी ठरवले. दोन दिवसांनी त्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसल्या होत्या. घरात कोणी नव्हते. मी त्यांच्यासमोर बसले आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून म्हणाले, "मामी, गॅरेजमध्ये आता कमी उकडतं का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग हसल्या, हसण्याचा खोकला झाला आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"हे वाचतत, मी ऐकतंय," त्या म्हणाल्या. "माज्या आंगाक कळणा नाय काय गे, गरम आसा काय थंड?"

"मग तुम्ही सांगत का नाही? गावाला जायचं म्हणून हट्ट का नाही धरत?"

"धरललंय." श्वास. "मगे बघितलंय." पुन्हा श्वास. "दीड वर्स हात रिकामे होते त्यांचे. नुसते बसान ऱ्हवत, भिंतीकडे बघीत. आता विटो आणतत, वाळू चाळतत. रातचे झोपतत." त्यांनी पदराने तोंड पुसले. "माका काय, हय काय आणि थय काय. तू काय बोला नको हां त्यांका."

मी बोलले नाही. याला मी बरीच वर्षे समंजसपणा समजत होते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सहावा थर चढला. मामींना खाटेवर उभे राहता येईना. त्यांनी बसूनच नळी धरली, पण हात इतका थरथरत होता की नळीतले पाणी ठरेना. मामांनी नळी त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीत खिळा ठोकून त्याला बांधली. उरलेले काम त्यांनी एकट्याने केले. मामी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दिवशी समोरच्या घरातून लग्नाचे गाणे ऐकू येत होते आणि गॅरेजमधून फक्त जॅकचा करकर आवाज येत होता.

मे महिन्याच्या पहिल्याच गुरुवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, मामी गेल्या. मामा दाराबाहेर सावलीत सातव्या थरासाठी वाळू चाळत होते. चाळणीचा आवाज थांबला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला आणि मग पुन्हा थांबला. आई म्हणाली, "बघ गं जरा." मी गेले तेव्हा मामा खाटेपाशी बसले होते. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत वाळू होती आणि ती मामींच्या अंगावर पडू नये म्हणून त्यांनी हात बाजूला, हवेत धरून ठेवले होते.

लालबागहून माणसे आली. वीस-पंचवीस माणसे त्या जागेत उभी राहिली आणि कुणालाही मान वाकवावी लागली नाही. मागखात्यातला एक जुना सोबती छताकडे बघत राहिला. न राहवून म्हणाला, "सावंता, पातळी काय ठेवलीयस रे. केसाचा फरक नाही." मामांनी मान हलवली. कामाचे कौतुक ऐकताना हलवतात तशी.

चौथ्या दिवशी ते अस्थी घेऊन गावी निघाले. त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. मामांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेले, लाल कापडाने तोंड बांधलेले मडके. पारेखकाका आपल्या फाटकातून बाहेर आले. ते आम्हा कोणाशी फारसे बोलत नसत. मामांसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले.

"सावंतभाई, फार वाईट झाला. मी रोज बघत होतो खिडकीतून. तुम्ही छप्पर उचलता, मी विटा मोजतो. सहा झाल्या, बरोबर ना?"

मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला तर दुसऱ्या महिन्यापासून माहीत. सगळ्या गल्लीला माहीत. मीच सांगितला सगळ्यांना, कोणी अर्ज टाकायचा नाही, बाई आजारी आहे." पारेखकाकांनी आपल्या खिडकीकडे बोट दाखवले. "मला वाटला, तुम्हाला जमेल तसा करता. नाहीतर सांगितला असता, एका रविवारी उचलून टाका, मी उभा राहतो."

बाबांनी व्हरांड्यातून आत जायला पाऊल उचलले आणि ते तसेच थांबले. पारेखकाकांना आपण काय बोललो याची कल्पना नव्हती. त्यांनी सांत्वन केले होते. ते डोळे पुसत परत गेले.

मामा माझ्याकडे वळले. "सायन्स," ते म्हणाले, "नोव्हेंबरातच सगळे थर घातले असते तर?"

त्यांच्या चेहऱ्यावरून मला एवढेच दिसले की हा माणूस आता उरलेले सगळे आयुष्य सहा महिन्यांचा हिशेब करत राहणार. त्यातून त्यांना सोडवणे मला शक्य होते, कारण उत्तर मला माहीत होते. मी स्पष्टपणे म्हणाले, "काही फरक पडला नसता, मामा. खरंच सांगते. छातीत जे बसलं होतं ते उंचीनं निघणारं नव्हतं."

"आठ थरांनीही नाही?"

"नाही."

"थर घातलेच नसते तर?"

"तरी हेच झालं असतं."

त्यांनी ते ऐकून घेतले, माझी सगळी उत्तरे ऐकून घेत तसे. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न वाजवला. मामांनी मडक्यावरचे कापड अंगठ्याने सारखे केले.

"म्हणजे तिला गावाक न्यायला हवं होतं," ते म्हणाले.

ते रिक्षात बसले. पिशवी त्यांनी पायाशी ठेवली आणि मडके मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरले. रिक्षा निघाली आणि गल्लीतल्या खड्ड्यात पहिला गचका बसला तेव्हा त्यांनी ते वर उचलून धरले. मग वळणापर्यंत ते तसेच, अधांतरी, धरून बसलेले मला दिसत होते.